ग्राफिक्स कार्डाला नवा कूलर बसवताना

तुम्ही राइजिनटेक कंपनीचा मॉर्फियस हा कूलर घेणार असाल, तर प्रथम मुख्य चिपभोवतीच्या चार भोकांमधील अंतर मोजून ते कूलरच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा. त्याच्यासोबत पंखे येत नाहीत; १२० मिलिमीटरचे दोन पंखे वेगळे घ्यावे लागतात आणि ते बसल्यावर मदरबोर्डवरचे खालचे स्लॉट (इतर कार्डे बसवायच्या खाचा) झाकले जातात, हेही लक्षात घ्या.

जुना कूलर निघत नसेल तर ओढू नका. कार्ड थोडा वेळ चालवून, संगणक बंद करून, कूलर कोमट असतानाच अलगद डावी-उजवीकडे फिरवला की चिप आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी, वाळलेली पेस्ट सुटते; पंख्याची बारीक वायर मात्र आठवणीने काढा.

खरी काळजी पुढेच आहे. नवखे लोक मुख्य चिपचे तापमान उतरलेले पाहून समाधान मानतात, पण बहुतेक कार्डांवर मेमरी आणि वीजपुरवठ्याचे मॉस्फेट (वीज नियंत्रित करणाऱ्या छोट्या चिप) यांची उष्णताही मूळ कूलरच वाहून नेत असतो, म्हणून त्या प्रत्येकावर छोटे हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारे धातूचे तुकडे) चिकटवायलाच हवेत. माझ्या कार्डावरचा एक हीटसिंक तेलकट पृष्ठभागामुळे आठवड्याभरात गळून पडला. असा सुटा धातूचा तुकडा शॉर्टसर्किट करू शकतो, त्यामुळे आता मी प्रत्येक चिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळू देऊन, मगच हीटसिंक घट्ट दाबून धरतो.

बहुतेक ग्राफिक्स चिपना वर धातूचे झाकण नसते, त्या उघड्या असतात. तेव्हा चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, दर वेळी अर्धाच फेरा देत आवळा, नाहीतर चिपचा कोपरा तुटू शकतो.

पहिल्यांदा सुरू करताना केसचे झाकण उघडे ठेवा, पंखे फिरतात का ते पाहा आणि तापमान स्थिरावेपर्यंत खेळ सुरू करू नका.