शनीची कडी कुणी सरळ केली?

पत्र थोडक्यात असं: मुलगी नऊ वर्षांची. सारखं "मला काही येत नाही" म्हणते, वर्गात हात वर करत नाही, नवीन काही करायचं म्हटलं की पोट दुखतं. आई रोज भरभरून कौतुक करते, आरशावर "मी हुशार आहे, मी खास आहे" अशा चिठ्ठ्या लावल्यात. वर्गशिक्षिका एकदा सगळ्यांसमोर बोलल्या तेव्हापासून हे सुरू झालं असं आईचं म्हणणं. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला घालू का, असा प्रश्न. आणि जाता जाता: "सूर्यमालेच्या प्रोजेक्टला बक्षीससुद्धा मिळालं (शनीची कडी वाकडी लागली होती, ती मी रात्री ती झोपल्यावर जरा नीट करून दिली) तरी स्वारी खूश नाही, सर्टिफिकेट दप्तरातच चुरगळलं."

ताई, एवढं लांबलचक पत्र लिहिलंत आणि कामाचं वाक्य नेमकं कंसात टाकलंत.

"जरा नीट" म्हणजे किती हो? कारण अशा कामात एकदा हात लागला की थांबत नाही. कडी काढली, नवीन कापली, मग गुरूचा रंग जरा बाहेर गेलाय तोही करून टाकू, पृथ्वी पण जरा मोठीच झालीये... सकाळी पोरीने टेबलावर बघितलं असणार आणि काही बोलली नसणार. तिला कळलं नसेल असं वाटतंय तुम्हाला? आपला ग्लू कुठे ओघळला होता ते नऊ वर्षांच्या मुलाला पाठ असतं. आणि मग त्याच मॉडेलला बक्षीस! ते सर्टिफिकेट तिने चुरगळलं नाही तर काय फ्रेम करायचं? तिच्या लेखी ते तुमचं होतं.

(शनीचा अक्षच सुमारे २७ अंश कललेला आहे, कडी तिरपीच असतात. तेव्हा पोरीचं काही फार चुकलंही नव्हतं.)

बाई वर्गात काय बोलल्या ते सोडा आता. त्या एकदा बोलल्या. तुम्ही दिवसभर तोंडाने "तू किती हुशार" म्हणता आणि रात्री हाताने सांगता की हे असं शाळेत न्यायच्या लायकीचं नाही, आणि मुलं हाताचं ऐकतात.

बरं, ते भरभरून कौतुक. नेदरलँड्समधल्या एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांचा २०१४ साली एक अभ्यास आला होता. त्यात ८ ते १२ वर्षांच्या मुलांकडून एक चित्र काढून घेतलं आणि काहींना "अतिशय म्हणजे अतिशय सुंदर" असा शेरा दिला, काहींना साधं "सुंदर", काहींना काहीच नाही. पुढचं चित्र कुठलं काढायचं ते मुलांनीच निवडायचं होतं, सोपं की अवघड. तर ज्यांना मुळात स्वतःबद्दल फार बरं वाटत नव्हतं ती मुलं फुगवलेल्या कौतुकानंतर अवघडाच्या वाटेला कमीच गेली. साहजिक आहे ना, एवढं वर चढवल्यावर पडायची भीती वाटणारच. तुमच्या मुलीचं पोट तिथेच दुखतंय, त्या चिठ्ठ्या काढून टाका.

पण चिठ्ठ्या काढणं सोपंय. खरं काम वेगळंच आहे आणि ते आजच करा, रविवारची वाट बघू नका. तिच्याजवळ बसा आणि सांगा, "शनीची कडी मी बदलली होती, तुला न विचारता. तू केलेलं मी मोडायला नको होतं." एवढंच. "तुझ्या भल्यासाठीच" हे शेपूट जोडायचं नाही, त्याने सगळं पाण्यात जातं. आणि पुढचं प्रोजेक्ट ती करेल तसंच शाळेत जाणार, हेही तेव्हाच कबूल करा. तुमचे हात शिवशिवतील, नक्की शिवशिवतील, बाकीच्यांची मॉडेल्स त्यांच्या आयांनी केलेली चकचकीत असतील आणि हिचं त्यात गबाळं दिसेल. दिसू दे. तिने मदत मागितली तर कात्री धरा, पण कुठे कापायचं ते ती सांगेल.

ऐकून ती कदाचित रडेल किंवा दार आपटेल. आपटू दे, लगेच मागे धावत जाऊन समजूत काढू नका. राग आला म्हणजे ते मॉडेल आपलं होतं असं तिला वाटतंय, आणि मला तरी तुमच्या अख्ख्या पत्रात याहून चांगलं लक्षण दिसलं नाही.

क्लासचं विचारलंत ना, फी भरू नका.