मुलाच्या पीटीईएन जनुकात दोष आहे, पण पाठीवरची गाठ साधी निघाली. मग दरवर्षी तपासण्या कशाला?

तुम्ही लिहिलंय की ९ वर्षांच्या मुलाची गाठ बोटाखाली मऊ लागते, सरकते, दुखत नाही. चरबीची गाठ असं निदान झालंय, तर तिची धास्ती घेऊ नका. झपाट्याने वाढली किंवा दुखू लागली तर मात्र लगेच दाखवा.

पीटीईएन म्हणजे पेशींच्या वाढीचा ब्रेक. तो ढिला पडला की डोकं मोठं होतं, अशा गाठी येतात. पण थायरॉईडमध्येही तोच ब्रेक ढिला असतो, आणि तिथे कॅन्सरचा धोका खरा आहे, लहान वयातही. म्हणून वयाच्या ७व्या वर्षापासून दरवर्षी गळ्याची सोनोग्राफी करायला सांगतात. ती कृपा करून चुकवू नका.

आणि हो, तुम्हा दोघांचीही जनुक तपासणी करून घ्या. दोष आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो. आईकडून असेल तर तिच्या स्तनांची तपासणीही तितकीच गरजेची.