ले माँची गाडी आणि चाळीस हजार पाउंड

कोव्हेंट्रीतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. चार मित्र मिळून साठच्या दशकातली रेसकार घेतायत, विकणारा म्हणतो ती फ्रान्समधल्या ले माँच्या २४ तासांच्या शर्यतीत पळालेली आहे. यांचा वाटा ४०,००० पाउंड, बचत सगळी मिळून ६५,०००, आणि मॉर्गेजचा (घरकर्जाचा) फिक्स्ड रेट, म्हणजे ठरलेला व्याजदर, पुढच्या वर्षी संपतोय. घेऊ का?

साहेब, नका घेऊ, निदान या आकड्याला तरी नाही.

अशा गाडीत लोखंडाला भाव कमी, इतिहासाला जास्त. 'ओल्ड नंबर वन' बेंटलीचंच बघा ना, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोनदा ले माँ जिंकलेली, दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो चालवायला, मग १९३२ला इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरच्या ५०० मैलांच्या शर्यतीत तिच्यातच ड्रायव्हर क्लाइव्ह डन्फी अपघातात गेला, गाडी परत बांधली, बॉडीसुद्धा बदलली. पुढे १ कोटी पाउंडांचा सौदा ठरला आणि घेणाऱ्यांनी हात वर केले, म्हणे ही खरी नव्हेच! १९९०ला लंडनच्या हायकोर्टात निकाल लागला की १९२९चं तिच्यात जवळपास काही उरलेलं नाही, पण इतिहास कुठे तुटलेला नाही, म्हणून नाव तिचंच. आजीच्या गोधडीसारखं, ठिगळं बदलली तरी गोधडी तीच. विकणारा जिंकला खरा, पण तुम्हा चौघांना असा कोर्टाचा खर्च झेपणारे का?

उलट १९६५ची विजेती फेरारी २५० एलएम पन्नासहून जास्त वर्षं इंडियानापोलिसच्या म्युझियमकडेच होती, मालकीबद्दल वादच नाही, २०२५ला पॅरिसच्या लिलावात सुमारे ३.४९ कोटी युरोला गेली. पण आपली गाडी ती नव्हे.

तुमच्या विकणाऱ्याकडे चासी नंबरपासून (गाडीच्या सांगाड्यावरचा नंबर) आजपर्यंतच्या प्रत्येक मालकाचा कागद मागा. एफआयएचा (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचा) हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट पुढे केला तर भुलू नका, त्यात गाडीचं स्पेसिफिकेशन असतं, खरेपणाची गॅरंटी नाही. मधली पाच-सात वर्षं 'कुणाकडे तरी होती' असं उत्तर आलं तर तिथेच उठा.

आणि कागद चोख निघाले तरी हाताशी २५,००० उरणार, वर इन्शुरन्स, जागेचं भाडं, इंजिन रिबिल्ड आलं की चार वाटण्या, आणि हप्ता वाढला तर पाव गाडी कोण घेणार हो तुमच्याकडून? फारच जीव अडकला असेल तर ५,००० पर्यंतचा वाटा बघा, तोही हौसेचा खर्च म्हणून लिहून टाका, आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर काय करायचं ते वकिलाकडून आधी लिहून घ्या, मित्र असले तरी.