लेकीच्या बाटल्या फ्रीजमधे का आहेत

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावीत, पीसीएम, प्रीबोर्डला 76 टक्के. तिला शहरातलं प्रदूषण, सांडपाणी यातच काम करायचंय, आणि तुम्हाला वाटतंय की तिने एक वर्ष ड्रॉप घेऊन जेईई द्यावी आणि कॉम्प्युटर सायन्सच घ्यावं. वर तक्रार अशी की ती इंदूरमधल्या तुमच्या कॉलनीमागच्या नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून आणते, त्यावर तारखेची चिठ्ठी लावून फ्रीजमधे ठेवते आणि त्यावरून घरात रोज भांडण होतं.

मार्कांचं नंतर बघू. मला लागलं ते तुमचं एक वाक्य, "शिकूनसवरून शेवटी कचराच उचलायचा असेल तर मी पीथमपूरला वीस वर्षं शिफ्ट कशाला केली". हे तुम्ही तिला तोंडावर बोललात, त्यानंतर चार दिवस ती जेवण्यापुरतीच खोलीबाहेर आली, हे सगळं तुम्हीच लिहिलंय आणि लगेच पुढच्या ओळीत कोचिंगची फी विचारलीय. दादा, त्या चार दिवसांपाशी थांबा ना जरा. तुमच्या कष्टांची किंमत तिला कळत नाही असं नाहीये, कळते म्हणूनच ती उलटून बोलली नाही. पण वीस वर्षांच्या शिफ्टचं ओझं डोक्यावर देऊन तिला अजून एक वर्ष खोलीत बसवलं तर तिचं फिजिक्स सुधारणार नाहीये. अशी मुलं मी दर वर्षी बघते, दुसऱ्या अटेम्प्टला मार्क जवळपास तेवढेच येतात आणि बापलेकीचं बोलणं तेवढं बंद झालेलं असतं.

आता त्या बाटल्या. ती वेडेपणा करत नाहीये. नाल्याच्या पाण्यातले जंतू बाटलीतही घाण खातच राहतात, ऑक्सिजन संपत जातो, सॅम्पल गरम राहिलं तर लॅबला पोचेपर्यंत प्रदूषणाचा आकडाच बदललेला असतो, म्हणून ते 4 डिग्रीच्या आसपास थंड ठेवतात. हे तिला कोणी शाळेत शिकवलं नसणार, तिने स्वतः शोधलंय. बारावीच्या मुलीने सॅम्पलवर तारीख लिहिणं ही माझ्यासाठी 76 टक्क्यांपेक्षा मोठी गोष्ट आहे.

तुमच्या पत्रात अजून एक आहे, "गावाकडचे लोंढे येतात आणि शहराची वाट लावतात, त्यात ही एकटी काय करणार". तुम्ही स्वतः 2003 ला बुऱ्हाणपूरकडच्या गावातून आलात, मग तुम्ही आलात तेव्हा काय घाण केलीत सांगा बरं? साधा हिशोब करू. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे दहा हजार माणसांची नवी वस्ती झाली की रोज जवळपास 11 लाख लिटर सांडपाणी. ते पाणी गाववाल्याचंही तेवढंच आणि बंगलेवाल्याचंही, उलट बंगल्यात जास्तच. प्रश्न एवढाच की वस्तीच्या आधी ड्रेनेज लाइन आली का. नाही आली तर सेप्टिक टँक भरून वाहतो, नाल्यात, नाल्यातून कान्ह नदीत, कान्हमधून उज्जैनला क्षिप्रेत, जिथे 2028 ला सिंहस्थ आहे. इंदूर 2001 ला पावणेपंधरा लाखांचं होतं, 2011 ला साडेएकोणीस लाखांच्या वर गेलं, आणि नंतर तर 29 गावं महापालिकेच्या हद्दीत आली. त्या गावातले लोक कुठेच गेले नव्हते हो, शहरच त्यांच्या अंगणात आलं. लोक येणारच, रोजगार इथे आहे. ते यायच्या आधी पाइप कुठून जाणार, सांडपाणी साफ करणारा प्लांट, म्हणजे एसटीपी, केवढा लागणार, धूळ आणि डिझेलचा धूर कुठल्या वस्तीवर बसणार हे आधी मांडणारं माणूस लागतं, आणि तुमच्या मुलीला नेमकं तेच व्हायचंय.

आणि "कचरा उचलणं". इंदूरच्या देवगुराडियाला जवळपास 13 लाख टन जुन्या कचऱ्याचे डोंगर होते, आज त्याच ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे कचरा डेपोवर, रोज 550 टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्लांट आहे, 2022 पासून, त्या गॅसवर सिटी बस चालतात. हे इंजिनिअरांचं काम आहे आणि सकाळी गाडीवर येणाऱ्या ताई-दादांचंही, त्यांना कमी लेखू नका प्लीज. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा 2025 ला तुमच्या पीथमपूरलाच जाळला, तेव्हा केवढं आंदोलन झालं. चिमणीतून काय बाहेर पडतंय ते मोजणारा माणूस खरं सांगतोय की नाही, ही काळजी तेव्हा तुम्हालाही असणारच ना?

रस्ते ठरलेले आहेत: जेईई मेनचा बीप्लॅनचा, म्हणजे शहर नियोजनाच्या डिग्रीचा, पेपर देऊन एसपीए भोपाळसारखी प्लॅनिंगची कॉलेजं, किंवा इथेच इंदूरच्या जीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजला वगैरे सिव्हिल आणि मग गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन एन्व्हायर्नमेंटलमधे एमटेक, गेटमधे 2021 पासून त्याचा वेगळा पेपरही आहे. पैशाचं खरं सांगते, सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असतो, सरकारी भरती वेळेवर निघत नाही, पहिली दोन-तीन वर्षं कन्सल्टन्सीत किंवा कंपनीच्या ईटीपीवर (कारखान्याचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटवर) उन्हात उभं राहून जातात. तिला हे आत्ताच सांगा, लपवू नका. ऐकूनही ती हो म्हणाली तर अडवू नका. ड्रॉपला माझा स्पष्ट नकार आहे, या वर्षी मिळेल त्या चांगल्या कॉलेजात सिव्हिल किंवा प्लॅनिंग.

बाटल्या मात्र स्वयंपाकाच्या फ्रीजमधे नकोच, त्यात तुमच्या मिसेसचं बरोबर आहे. थर्माकोलचा डबा आणि बर्फ आणून द्या, रबरी हातमोजे द्या, ते पाणी उघड्या हाताने भरायचं नसतं. आणि या रविवारी तिच्याबरोबर नाल्यावर जा, ती काय लिहून ठेवते ते तिलाच विचारा. पुढचं पत्र तिला लिहू दे.