बाबांना खोटी गोळी मिळाली तर?

प्रश्न : माझे वडील 67 वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला. आता एका नव्या औषधाच्या चाचणीत सामील व्हाल का, असं त्यांच्या डॉक्टरांनी विचारलंय आणि संमतीपत्र वाचायला घरी दिलंय. निम्म्या रुग्णांना औषध मिळेल, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही कळणार नाही, असं त्यात लिहिलंय. बाबा सही करायला तयार आहेत, माझा मात्र जीव खालीवर होतोय. औषध चांगलं असेल तर सगळ्यांनाच का देत नाहीत? बाबांच्या वाट्याला खोटी गोळी आली तर?

उत्तर : ‘औषध चांगलं असेल तर’ असं तुम्ही लिहिलंय. त्या ‘तर’पाशी जरा थांबू या, कारण मला तो फार उशिरा दिसला.

1980च्या दशकात मी निवासी डॉक्टर होतो. अटॅकनंतर ज्यांच्या हृदयात मधूनमधून जादा ठोके पडतात ते रुग्ण अचानक दगावण्याचा धोका जास्त, एवढं तेव्हा माहीत झालं होतं. मग ठोके दाबणाऱ्या गोळ्या आल्या. ठोके थांबवले की मृत्यू टळतील, असा सरळ हिशोब आम्ही केला. ईसीजीची लांबलचक पट्टी टेबलावर उलगडून मी एकेक जादा ठोका पेन्सिलीने खूण करत मोजायचो. रांगेत कुणी मधेच घुसावं तसा तो रुंद, वेडावाकडा ठोका लगेच नजरेत भरायचा. गोळी सुरू केल्यावरची पट्टी मात्र अगदी स्वच्छ, पेन्सिल टेकवायला जागा नाही. एका रुग्णाच्या पत्नीला मी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून दाखवल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मलाही भरून आलं. ते गृहस्थ तीन महिन्यांनी झोपेतच गेले. हृदयच कमकुवत होतं, असं आम्ही म्हणालो.

पुढे ‘कास्ट’ या नावाने ओळखली जाणारी मोठी चाचणी झाली. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही त्यातली दोन औषधं. ज्यांचे ठोके गोळीने दबतात हे आधी तपासून घेतलं होतं, अशाच रुग्णांना घेऊन त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. साधारण दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 जण गेले. औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्या 743 जणांत हा आकडा 26 होता. चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्यांना हा कल दिसला आणि 1989 मध्ये ही दोन्ही औषधं तिथल्या तिथे थांबवली गेली. सगळा अहवाल 1991 मध्ये छापून आला. तो वाचताना मला त्या बाई आठवल्या. त्यांचे यजमान गोळीने गेले की आजाराने, हे मी आजही सांगू शकत नाही. एका माणसाकडे बघून ते कळतच नाही. ज्यांना खोटी गोळी मिळाली ते 743 जण शेजारी नसते, तर आम्ही सगळे स्वच्छ पट्ट्या बघत अजून कित्येक वर्षं तीच गोळी लिहून देत राहिलो असतो.

म्हणून ‘खोटी गोळी’ म्हणजे बाबांवर अन्याय, असं आधीच धरून चालू नका. कोणता गट नशीबवान ठरेल हे खरोखरच कुणाला ठाऊक नसतं, म्हणून तर चाचणी करायची.

पारडं दुसऱ्या बाजूलाही झुकतं. ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन क्षयरोगावर तपासलं, त्याचा अहवाल 1948चा. औषध इतकं तुटपुंजं होतं की सगळ्यांना पुरणारच नव्हतं. कुणाला द्यायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, कोणता गट ते आत आधीच लिहून ठेवलेल्या बंद लिफाफ्यांची पद्धत घालून दिली. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले 55 पैकी 4 दगावले, नुसत्या अंथरुणावरच्या विश्रांतीच्या गटातले 52 पैकी 14. त्या 52 जणांना मात्र आपण कुठल्या तुलनेत मोजले जातोय हे कुणी सांगितलंच नव्हतं. मला ते खुपतं. तुमच्या घरी आज संमतीपत्र आलंय, ते बाबांनी नीट वाचलंच पाहिजे.

अटॅकनंतरची त्यांची नेहमीची औषधं चालूच राहणार ना, हे सगळ्यात आधी विचारा. सहसा दोन्ही गटांना ती मिळतात, नवी गोळी किंवा तिची नक्कल वरून जोडलेली असते. चालू औषधांपैकी एखादं बंद करणार असतील तर कारण पटेपर्यंत सही नको.

मग विचारा, मोजणार काय? रक्तातला एखादा आकडा सुधारतो का एवढंच, की माणसं जास्त जगतात का, पुन्हा अटॅक येतो का, तेही? माझ्या स्वच्छ पट्ट्यांची गोष्ट वाचलीत, तेव्हा या प्रश्नावर मी का अडून बसतो हे तुम्हाला कळेल. चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी, इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची सोय, हे कागदावर असायलाच हवं. मधेच केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये.

एक गोष्ट बाबांना स्पष्ट सांगा. चाचणीत जाणं म्हणजे जास्त चांगला उपचार मिळवण्याची वाट नव्हे. त्यांना फायदा होईल किंवा होणारही नाही. जे कळेल ते मुख्यतः पुढच्या रुग्णांच्या कामाचं. हे माहीत असूनही त्यांची तयारी असेल, तर तो निर्णय त्यांचा आहे, तुम्ही अडवू नका. नको वाटत असेल तर डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून सहीही करू नये.

संमतीपत्रावर अडीअडचणीला लावायचा एक फोन नंबर असेल. सही करण्याआधी रात्री एकदा तो लावून बघा, कोण उचलतंय ते.