राजीनाम्याआधी तंबोरा

प्रश्न : मी 49 वर्षांची असून सांगलीत एका राष्ट्रीयीकृत बँकेत 24 वर्षे नोकरी करते आहे. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेल्यापासून संध्याकाळी घरी आले की कशातच मन लागत नाही. कामात चुका होत नाहीत, पण गोडीही उरलेली नाही. लग्नापूर्वी सात वर्षे शास्त्रीय गायन शिकले. तंबोरा अजून गवसणीत, माळ्यावर आहे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन गाण्याकडे वळावे असे वाटते. यजमान म्हणतात, "घे, पण नंतर रडू नकोस." काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मूळ पत्रात (येथे ते संक्षेपाने दिले आहे) बँकेविषयी एकही तक्रार नाही, गाण्याविषयी जेमतेम दोन वाक्ये आहेत आणि उरलेले पत्र संध्याकाळच्या शांत घराविषयी आहे. त्या दोन-तीन तासांवर उपाय म्हणून नोकरीच सोडली, तर तसेच आणखी आठ तास आपल्या पदरी पडतील, ही मला धास्ती वाटते. या वयात मन न लागण्याचे कारण शरीरातही असू शकते. तेव्हा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी तपासून घ्यावे.

आपल्याकडे उदाहरणे देतात ती नोकरीवर लाथ मारणाऱ्यांची. धोंडो केशव कर्वे मात्र 1891 पासून 1914 पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते आणि विधवांसाठीचा आश्रम त्यांनी 1896 मध्येच काढला होता. म्हणजे ज्या कामासाठी आपण त्यांना ओळखतो, ते त्यांनी 18 वर्षे तास घेऊन, वह्या तपासून आणि आश्रम पुण्याजवळच्या हिंगण्याला गेल्यावर तिथवर पायी ये-जा करून केले. महिला विद्यापीठ काढले ते त्यानंतर, 1916 साली, वयाच्या 58व्या वर्षी.

येत्या एखाद्या सुटीला तंबोरा खाली काढा आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घेऊन जा. तारा गंजल्या असतील, भोपळ्याला तडा गेला नाही ना हे पाहावे लागेल आणि जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, बहुधा नव्याने काढावी लागेल. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसेने हलक्या हाताने घासतो, तार छेडून पाहतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर मागेपुढे सरकवत राहतो आणि एका जागी ती बद्द तार एकाएकी गुंजू लागते. वाद्य ठेवून बाजारात जाऊ नका. हे काम समोर बसून पाहा.

त्यानंतर आठवड्यातून एकदा शिकवणी धरा आणि बँकेत निघण्यापूर्वी अर्धा तास खर्ज, म्हणजे खालचे स्वर, लावा. पहिले काही महिने स्वतःचाच आवाज ऐकवणार नाही. पट्टी उतरली असेल, तर उतरलेल्या पट्टीत गा. विशीतल्या आवाजाशी तुलना करत बसलात, तर तंबोरा महिनाभरात पुन्हा माळ्यावर जाईल.

स्वेच्छानिवृत्तीची घाई नाही. 20 वर्षांची सेवा झालेली असल्याने 3 महिन्यांची नोटीस देऊन ती आपल्याला पुढेही घेता येईल. वर्षभर रियाझ टिकला आणि बँकेची वेळ खरोखरच त्याच्या आड येऊ लागली, तर निवृत्तिवेतनाचा नेमका आकडा काढून यजमानांपुढे ठेवा आणि मग दोघांनी मिळून ठरवा.

आणि मिरजेहून परतल्यावर तंबोऱ्याला पुन्हा गवसणी चढवू नका. रोज ती सोडण्याचा कंटाळा येतो आणि रियाझ तेवढ्यावरच बुडतो. बैठकीच्या खोलीत, कुणाचे पाय लागणार नाहीत अशा कोपऱ्यात, वर एक पातळ ओढणी टाकून तो उभा राहू द्या.