बालगृहातील विद्यार्थी अठरा वर्षांचा होताना शिक्षकाने काय करावे?

आपल्या बारावीच्या वर्गातील, तालुक्याच्या बालगृहात वाढलेला मुलगा काही महिन्यांत अठरा वर्षे पूर्ण करील, पुढे त्याला कोणता आधार मिळेल आणि त्याला आपल्या घरी ठेवता येईल का, असे आपण विचारले आहे. यवतमाळ जिल्ह्यात मी बरीच वर्षे बालगृहाचा अधीक्षक होतो. माझे मत असे की, पैशाआधी त्याच्या कागदपत्रांच्या मागे लागावे, कारण तो संस्थेत आहे तोवर अर्जावर सही करायला अधीक्षक आणि बालकल्याण समिती (अशा मुलांबाबत आदेश देणारी जिल्ह्याची समिती) असते. तेथून बाहेर पडल्यावर तहसीलच्या खिडकीवर त्याला रहिवासाचा पुरावा मागतात, तेव्हा सांगायला पत्ताही उरत नाही.

त्याचे आईवडील दोघेही वारले असतील, तर अनाथ प्रमाणपत्राचा प्रस्ताव जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांमार्फत अमरावतीच्या विभागीय उपायुक्तांकडे ताबडतोब पाठवायला लावा. अनाथांना राज्यात 2018 पासून शिक्षणात आणि शासकीय नोकरीत 1 टक्का समांतर (जातीच्या आरक्षणाहून वेगळे) आरक्षण आहे. मात्र वडील गेलेले आणि आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारी, अशी मुले आपल्याकडच्या बालगृहांत पुष्कळ असतात व ती या व्याख्येत बसत नाहीत. त्यांची सारी भिस्त जातीच्या दाखल्यावर असते. त्यासाठी अनुसूचित जाती-जमातींना 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या शाळेतील दाखलखारीज रजिस्टरात (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवहीत) किंवा कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकलेत सापडतो. मुलाला आजोबांचे नाव ठाऊक नसले, तरी संस्थेच्या फाइलमधील सामाजिक तपास अहवालात मूळ गावाचा उल्लेख असू शकतो. तो अधीक्षकांना आवर्जून पाहायला सांगा. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे एका शिक्षकाने केलेली विचारणा आमच्या सरकारी पत्रापेक्षा लवकर फळते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पैशाचे म्हणाल, तर बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 46 मध्ये संस्था सोडणाऱ्यांना अर्थसाहाय्याची तरतूद आहे. अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या या आधाराची, मर्यादा 21 वर्षे असून अपवादात्मक परिस्थितीत ती 23 पर्यंत वाढवता येते, आणि मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी दरमहा 4,000 रुपये धरले आहेत. हे आपोआप मिळत नाही. मुलगा संस्थेत असतानाच जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज द्यावा आणि हप्ता उशिरा येईल असे गृहीत धरूनच खोलीचे भाडे ठरवावे.

घरी ठेवण्याविषयी सांगायचे तर, अठरा पूर्ण होईपर्यंत समितीच्या आदेशाशिवाय तसे करू नये. त्यानंतर केवळ त्याची इच्छा पुरेशी आहे. पण बोलवायचे असेल, तर पोळ्याला आणि दिवाळीला बोलवा. ‘घरचाच आहे’ म्हणत कापूस वेचणीच्या हंगामात अशा मुलांना शेतात राबवून घेणारी भली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्याची मजुरी मागायला मुलाला तोंड नसते. त्याला जिल्ह्याच्या गावी शिकायचे असेल, तर घरमालक ओळखीचा माणूस विचारतो. तेथे स्वतःचे नाव आणि फोन नंबर देण्याची तयारी आपण आताच त्याला बोलून दाखवावी.